घट कोणाच्या नावे?

हिंगोलीच्या मोंढ्यात तीन पिढ्यांपासून हळदीची आडत चालविणारे एक सैतवाल जैन कुटुंब आहे. घरातील ज्येष्ठांचे वय आता सत्त्याहत्तर. दुकानाचा कारभार मुलांच्या हाती गेला असला, तरी सकाळी मंदिरातील अभिषेक-पूजा आटोपून ते नित्यनेमाने गादीवर येऊन बसतात आणि सूर्यास्तापूर्वी भोजनासाठी घरी परततात. मोंढ्यातील हमालापासून व्यापाऱ्यापर्यंत सारे त्यांना अण्णा म्हणतात. व्यवहारात आणि व्रतात त्यांनी कधी उधारी ठेवली नाही, अशी त्यांची ख्याती आहे. अशा माणसाला एका कुत्रीने जवळजवळ वर्षभर कोड्यात टाकले, हे ऐकून पुष्कळांना हसू येईल. परंतु ते कोडे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

त्या वर्षीच्या आषाढात गोदामातील रिकाम्या बारदानाच्या ढिगाखाली एका भटक्या कुत्रीने पिल्ले घातली. पावसाने आणि उपासमारीने बाकीची गेली; पिवळसर रंगाची एक मादी तेवढी वाचली. अण्णांच्या नातीने तिला ओढणीत गुंडाळून घरी आणले. घरात कुत्रे पाळण्याची रीत नव्हती. पण भिजलेला जीव दारात आणल्यावर त्याला परत बाहेर ठेवा, असे म्हणण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. स्वयंपाकघर आणि देव्हारा एवढे वर्ज्य ठरवून तिला घर मोकळे झाले. रंगावरून नाव पडले हळदी.

डिसेंबरात रेबीजच्या लशीसाठी तिला गावातील पशुवैद्यांकडे नेले, तेव्हा त्यांनी सहज विचारले, “नसबंदी कधी करायची? पाच-सहा महिन्यांची झाली आहे. पहिल्या माजाच्या आधी करून घेतली तर बरे.” नातीने घरी येऊन हे सांगितले. अण्णांनी जपाची माळ खाली ठेवली आणि म्हणाले, “ज्याला आपण आसरा दिला, त्याच्या अंगावर शस्त्र चालवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?” घरात कोणी उलट बोलले नाही. विषय तेथेच मिटला. खरे तर पुढे ढकलला गेला.

अण्णांचे म्हणणे निराधार नव्हते. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताला लागणारे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत, त्यांत बंधन, मारहाण, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे यांच्यासोबत अवयवांचा छेद हाही एक आहे. शेजारच्या दुकानाचे मालक ओसवाल, स्थानकवासी. त्यांनीही आपल्या परंपरेतील दाखला दिला. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांमध्ये निर्लांछन कर्म येते. जनावरांना खच्ची करणे, डागणे, नाक टोचणे असे व्यवसाय त्यात मोडतात. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रातही त्याचा उल्लेख आहे. दोन्ही आम्नायांचे शास्त्र एकाच बाजूला उभे आहे, असे अण्णांना वाटले आणि त्यांचे मन निश्चिंत झाले.

फाल्गुन लागला. हळद शिजवून, वाळवून शेतकरी मोंढ्यात आणू लागले. सकाळी बीट, दुपारी माप, संध्याकाळी पट्ट्या आणि रात्री हिशेब. घरात कोणाला मान वर करायला उसंत नव्हती. त्याच गर्दीत हळदी माजावर आली. कुत्रीचा हा काळ साधारण तीन आठवड्यांचा असतो. पहिल्या आठवड्यात रक्तस्राव दिसतो, पण ती नराला जवळ येऊ देत नाही. नंतरच्या आठ-दहा दिवसांत ती नराला स्वीकारते. घरच्यांना वाटले, रक्त थांबले म्हणजे धोका टळला. प्रत्यक्षात धोका तेव्हाच सुरू होत होता. वाड्यासमोर गावभरची कुत्री जमली, रात्रभर भुंकणे आणि भांडणे झाली. हळदीला मागच्या खोलीत दोरीने बांधून ठेवले. ती दोन दिवस रडली. तिसऱ्या पहाटे कोणीतरी दूध घेण्यासाठी दार उघडले आणि ती निसटली. तासाभराने परत आली. सुमारे त्रेसष्ट दिवसांनी, ऐन मे महिन्यात, तिला सहा पिल्ले झाली.

त्या सहा पिल्लांचा हिशेब अण्णांच्या रोजमेळात नाही, पण त्यांना तो तोंडपाठ आहे. मराठवाड्यातील मे महिना. पत्र्याच्या पडवीत दुपारी उभे राहवत नाही. दोन पिल्ले पहिल्या पंधरवड्यात गेली. तिसरे चालू लागल्यावर हळदीच्या मागे रस्त्यावर आले आणि हळदीचीच पोती उतरवून मागे येणाऱ्या टेम्पोच्या चाकाखाली सापडले. चालकाचा दोष नव्हता. उरलेल्या तिघांना आठव्या आठवड्यात घरे पाहून दिली. दोन नर ओळखीच्या दुकानदारांनी नेले. मादी घ्यायला कोणी तयार नव्हते. “कुत्री नको, दरवर्षी पिल्लं घालत बसेल,” हेच उत्तर सगळीकडून आले. अखेर गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याने राखणीसाठी तिला नेले.

आषाढात अण्णा वसुलीच्या निमित्ताने त्या बाजूला गेले असता वाट वाकडी करून आखाड्यावर थांबले. पिल्लू बाभळीच्या बुंध्याला हातभर तारेने बांधलेले होते. मानेवर तारेचा वळ उठला होता. जवळ जर्मनची वाटी पालथी पडलेली होती. शेतकरी दुष्ट नव्हता. पेरणीच्या घाईत होता. अण्णांनी काही न बोलता तार सोडली, पिल्लाला धोतराच्या सोग्यात घेतले आणि गाडीत बसले. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी सामायिकाला बसल्यावर ते रोजचेच पाच अतिचार मनात आणू लागले, आणि पहिल्याच शब्दावर अडखळले. बंधन. माज असताना हळदीला दोरीने बांधले ते आपणच, आणि वर्षातून दोनदा, ती जगेल तोपर्यंत, हेच करावे लागणार. तिच्या मुलीला तारेने बांधले ते दुसऱ्याने, पण तिला त्याच्या हवाली केले आपण. अन्नपाणी रोखणे. पालथी वाटी त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. एका छेदाचा अतिचार टाळण्यासाठी बाकीचे दोन आपण पदरात घेतले, हे त्यांच्या ध्यानात आले. शिवाय तीन मृत्यू.

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून त्यांनी एका जुन्या पट्टीच्या पाठीवर आकडेमोड केली. एक मादी, वर्षातून एकच वेत धरले तरी सहा पिल्ले. त्यांतील निम्म्या माद्या. दुसऱ्या वर्षी आई आणि तीन मुली मिळून चार माद्या, म्हणजे चोवीस पिल्ले. तिसऱ्या वर्षी सोळा माद्या, शहाण्णव पिल्ले. थोरल्या मुलाने कागद पाहून म्हटले, “अण्णा, एवढी कुठं जगतात?” अण्णांनी पेन खाली ठेवले. “जगत नाहीत म्हणजे मरतात. हळदीत आपण घट धरतो. ओलावा उडतो, माती झडते, तेवढं वजन कमी येतं. ती घट कोणाची ते बोलीतच ठरलेलं असतं. ही घट कोणाच्या नावे टाकायची?”

मुलाकडे उत्तर नव्हते. अण्णांकडेही नव्हते. पण प्रश्न बदलला होता, हे घरातील सर्वांच्या लक्षात आले. ‘शस्त्र चालवायचे की नाही’ एवढाच प्रश्न आता उरला नव्हता. काही न करण्याचेही एक फळ असते आणि तेही कोणाच्या तरी खात्यावर चढते, हा विचार घरात आला होता.

वर्षायोगासाठी आलेल्या एका मुनिराजांच्या दर्शनाला गेले असताना अण्णांनी धीर करून शंका विचारली. महाराजांनी ‘करा’ म्हटले नाही आणि ‘करू नका’ असेही म्हटले नाही. महाव्रती साधू हिंसेच्या कोणत्याही आरंभाला कृत, कारित आणि अनुमोदना या तिन्ही प्रकारे दूर असतात. गृहस्थाच्या शस्त्रक्रियेला ते संमती देत नाहीत, हे अण्णा जाणून होते. महाराजांनी एवढेच विचारले, की पिल्ले झाली तेव्हा तुमचे लक्ष कोठे होते? अण्णा म्हणाले, “बिटात.” महाराज काही बोलले नाहीत. परतताना अण्णांना तत्त्वार्थसूत्रातील हिंसेच्या व्याख्येची आठवण झाली. तेथे प्राणघाताच्या आधी प्रमाद येतो. बेसावधपणा, आळस, कषाय यांच्या योगाने घडलेला घात ती हिंसा मानते. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात हिंसेचे फळ भावावर कसे अवलंबून असते, ते अनेक बाजूंनी उलगडून दाखविले आहे. अण्णांनी ही प्रकरणे अनेकदा वाचली होती. फाल्गुनातील त्या तीन आठवड्यांवर ती लागू करून मात्र पाहिली नव्हती.

आजी इतके दिवस गप्प होत्या. त्या रात्री अंगणात बसल्या असता त्या म्हणाल्या, “अहो, माझी पिशवी काढली तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. डॉक्टरांनी सांगितलं, घरच्यांनी ठरवलं, सही तुम्ही केली. तेव्हा कोणी शास्त्र उघडलं नव्हतं.” अण्णांनी चमकून पाहिले. आजींच्या स्वरात तक्रार नव्हती. “मला वाईट वाटलं ते ऑपरेशनचं नाही. मला कोणी विचारलं नाही, याचं वाटलं. हिला तर विचारताच येत नाही. म्हणून आपणच दोनदा विचार करायचा. पण विचार करायचा म्हणजे दिवस घालवायचे नाहीत.” चाळीस वर्षांच्या संसारात हा विषय प्रथमच निघाला होता. अण्णा बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, “तुझं चुकलं नाही. माझं चुकलं.” ते कोणत्या गोष्टीविषयी बोलत होते, ते आजींना कळले.

त्यानंतर अण्णा स्वतः नातीला आणि हळदीला घेऊन परभणीला गेले. तेथे १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. हिंगोली स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला, त्याआधी हा सारा मुलूख परभणीचाच असल्याने जुन्या माणसांचे पाय अजून तिकडेच वळतात. अण्णांनी कर्जाच्या कागदपत्रांसारखे प्रश्न लिहून नेले होते. डॉक्टरांनी एकेकाचे उत्तर दिले.

पहिला प्रश्न होता, तिला वेदना किती होतील. पूर्ण भूल देऊन अंडाशय आणि गर्भाशय काढतात. शस्त्रक्रियेच्या वेळी तिला काही जाणवत नाही, नंतर दोन-चार दिवस दुखते, त्यासाठी वेदनाशामक देतात. भुलेचा धोका अगदी शून्य कधीच नसतो, हेही त्यांनी लपविले नाही. दुसरा प्रश्न, न केल्यास काय? उतारवयात कुत्रीच्या गर्भाशयात पू होण्याचा आजार पुष्कळदा दिसतो. माजानंतर काही आठवड्यांनी तो उद्भवतो, वेळीच ओळखला नाही तर प्राण घेतो, आणि तेव्हा तीच शस्त्रक्रिया आजारी शरीरावर करावी लागते. शिवाय भटक्या नरांच्या संबंधातून पसरणारा जननेंद्रियांचा गाठीचा कर्करोग आपल्याकडच्या कुत्र्यांत नेहमी आढळतो.

तिसरा प्रश्न वेळेचा. पहिल्या माजापूर्वी करावी, असे हिंगोलीच्या डॉक्टरांनी का म्हटले होते? त्यामागे अमेरिकेतील १९६९ सालचे एक संशोधन आहे. पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या माद्यांत स्तनांच्या गाठींचा धोका, शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या तुलनेत, अवघा अर्धा टक्का, एका माजानंतर आठ टक्के आणि दोन किंवा अधिक माजांनंतर सव्वीस टक्के असे त्यात आढळले होते. २०१२ मध्ये अशा सर्व अभ्यासांची छाननी झाली, तेव्हा हा पुरावा समजला जातो तितका भक्कम नाही, असेही मत पुढे आले. “म्हणजे फायदा नाही असं नव्हे,” डॉक्टर म्हणाले, “पण आकडा पाठ करून घाबरू नका.” माज चालू असताना मात्र शस्त्रक्रिया टाळतात, कारण तेव्हा रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि रक्तस्रावाचे भय वाढते. दोन माजांच्या मधला, साधारण दोन-तीन महिन्यांनंतरचा काळ उत्तम. पिल्ले झाली असतील तर त्यांचे दूध सुटून आईचे स्तन ओसरेपर्यंत थांबावे.

नातीचा एक निराळाच प्रश्न होता. तिच्या चुलतभावाकडे पुण्यात सात महिन्यांचा लॅब्रॅडॉर नर आहे. त्याचेही लगेच करावे काय? डॉक्टरांनी मान हलविली. सर्व कुत्र्यांना एकच माप लावता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२० मध्ये ३५ जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहान चणीच्या जातींत लवकर शस्त्रक्रिया केल्याने सांध्यांचे विकार वाढलेले दिसले नाहीत. मोठ्या चणीच्या अनेक जातींत मात्र ते वाढलेले दिसले. हाडांची वाढ पूर्ण होण्यात संप्रेरकांचा वाटा असतो. तो लॅब्रॅडॉर सदनिकेत राहतो, साखळीशिवाय बाहेर जात नाही. वर्ष-दीड वर्षाचा होईपर्यंत थांबण्यात नुकसान नाही. आणि शस्त्रक्रियेने तो शहाणा होईल, ही अपेक्षाही ठेवू नये. माद्यांच्या वासाने भटकणे कमी होते, प्रोस्टेटचे काही त्रास टळतात. पण भीतीपोटी चावणारे कुत्रे त्याने सुधारत नाही, त्याला शिकवणच द्यावी लागते. एकाच घरातील दोन कुत्र्यांना दोन निराळी उत्तरे मिळाली, हे अण्णांना पटले. कर्ज देताना दोन माणसांची पत एका फुटपट्टीने मोजत नाहीत, तसेच हे.

आपल्या समाजापुढे हा प्रश्न आजचा नाही. १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी, हिंदू आणि जैन समाजांत क्षोभ उसळला आणि दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरापोळ उभी राहिली. १९२६ मध्ये अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई, जे स्वतः जैन कुटुंबातील होते, यांनी गिरणीच्या आवारातील साठ कुत्री पिसाळण्याच्या भयाने मारविली आणि मोठे वादळ उठले. गांधीजींनी साराभाईंची बाजू घेऊन ‘यंग इंडिया’मध्ये लेखमाला लिहिली. बेवारशी कुत्री रस्त्यावर असणे हीच समाजाच्या दयेतील उणीव आहे, असा त्यांचा रोख होता. त्यांचे म्हणणे न पटलेल्यांत जैन बांधव पुष्कळ होते. त्या काळी समाजापुढे मारणे किंवा सोडून देणे एवढेच दोन मार्ग होते. तिसरा मार्ग नंतर आला. चेन्नई महानगरपालिकेने १९९६ पासून मारणे सोडून नसबंदी आणि लसीकरण स्वीकारले. २००१ मध्ये केंद्र सरकारने त्याचे नियम केले, आणि मार्च २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. रस्त्यावरील कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक संस्थेवर, तर पाळीव प्राण्याच्या लसीकरणाची आणि नसबंदीची जबाबदारी मालकावर, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हाच विषय देशभर गाजला आणि पिसाळलेली वा हिंस्र नसलेली कुत्री नसबंदी-लसीकरणानंतर मूळ जागी सोडावीत, असा आदेश झाला.

अण्णांनी स्वतःशी आणखी एक कबुली दिली. त्यांच्या वडिलांच्या काळी हळद बैलगाड्यांतून मोंढ्यात येई. त्या गाड्यांचे सारे बैल खच्ची केलेले असत. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानेही विहित पद्धतीने होणाऱ्या खच्चीकरणाला सूट दिली आहे. ज्यांच्या खांद्यावर ही आडत उभी राहिली, त्या बैलांविषयी दुकानात कधी प्रश्न निघाला नव्हता. तेथे छेद माणसाच्या नफ्यासाठी होता आणि भुलेशिवायही होत असे. निर्लांछन कर्माच्या निषेधाचा रोख त्या धंद्यावर आहे, असे अण्णांना आता वाटू लागले. हळदीच्या बाबतीत नफा कोणाचा, हे त्यांनी पुनःपुन्हा तपासले. आपल्या सोयीचा अंश त्यात आहे, हे त्यांनी नाकारले नाही. पण तिच्या आणि न जन्मलेल्या पिल्लांच्या बाजूला ठेवलेले वजन त्याहून अधिक भरले.

श्रावणातील दिवस ठरला. दशलक्षण पर्वाच्या बरेच आधी, म्हणजे पर्वापर्यंत जखम भरून यावी आणि पुढचा माजही येऊ नये. भुलेत उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून आदल्या रात्रीपासून तिला खायला द्यायचे नव्हते. सकाळी हळदी आपल्या ताटलीजवळ जाऊन बसली आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागली. अण्णांनी सुनेला सांगितले, “आज माझाही उपवास आहे.” तिथी अष्टमी नव्हती, चतुर्दशीही नव्हती. सुनेने काही विचारले नाही.

शस्त्रक्रिया निर्विघ्न झाली. संध्याकाळी हळदी गुंगीत, डळमळत गाडीत चढली. पुढचे बारा दिवस तिच्या गळ्यात नरसाळ्यासारखी प्लॅस्टिकची पट्टी होती, कारण टाके चाटले तर उसवतात. जिन्यावरून तिला उचलून न्यावे लागे. ते काम अण्णांनी नातवंडांना करू दिले नाही. टाके निघाले. शस्त्रक्रियेनंतर शरीराची अन्नाची गरज कमी होते आणि वजन चढते, म्हणून डॉक्टरांनी आहार सुमारे पाव हिस्सा घटवायला सांगितले होते. आजी ते कसोशीने पाळतात. अण्णा पाळत नाहीत, अशी घरातील तक्रार आहे. हिंगोलीजवळचे नरसी हे संत नामदेवांचे गाव. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा या परिसरात पाळण्यापासून ऐकविली जाते. आजींनी डोळे वटारले की अण्णा त्या कथेचा आश्रय घेतात.

“पाप झाले की नाही?” असे मोंढ्यातील एका स्नेह्याने त्यांना थेट विचारले. अण्णांनी उत्तर दिले, “झालं. मी ते नावे टाकलं आहे. पण जमेची बाजू न लिहिता फक्त नावेच पाहिलं, तर ताळेबंद खोटा होतो. आणि वर्षभर नोंदच टाळली, तर तो त्याहून खोटा.” अतिचाराचे प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एक नियम घेतला आहे. गोदामाच्या आवारात जी भटकी कुत्री वावरतात, त्यांचे लसीकरण आणि नसबंदी शास्त्रशुद्ध रीतीने व्हावी, यासाठी दरवर्षी हळदीच्या हंगामातील पहिल्या सौद्याची आडत बाजूला काढायची. किती होते, ते ते सांगत नाहीत.

क्षमावाणीच्या दिवशी मंदिरातून परतल्यावर घरात लहानथोर एकमेकांना ‘उत्तम क्षमा’ म्हणून हात जोडत होते. अण्णा प्रथम आजींसमोर उभे राहिले. हे दरवर्षीचेच, पण त्या वर्षी ते जरा अधिक वेळ उभे होते. मग पडवीत जाऊन त्यांनी हळदीसमोर हात जोडले. तिने शेपूट हलविले. नातीला हसू आले, आणि मग आले नाही.

दिवाळीला वीर निर्वाण संवताच्या नव्या वह्यांची पूजा झाली. आखाड्यावरून परत आणलेली हळदीची मुलगी तोवर घरात रुळली होती. मे महिन्यातील जन्म. नोव्हेंबरात तिला सहा महिने पूर्ण होणार होते. अण्णांनी नव्या खतावणीच्या शेवटच्या पानावर परभणीच्या डॉक्टरांनी दिलेली तारीख स्वतःच्या अक्षरात लिहिली आणि खाली एक ओळ घातली: या वेळी हंगामाची वाट पाहू नये.